मोकळी जागा, किराया आणि अमानत

‘गाडी मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर लावावी.’

होळीच्या दिवसांत सैलानीच्या वाटेला लागलं की ही पाटी दिसायला लागते. कधी पत्र्यावर, कधी पुठ्ठ्यावर, कधी खताच्या रिकाम्या पोत्यावर रंगाने लिहिलेली. पाटीखाली दर, शेजारी पावतीपुस्तक घेऊन बसलेला पोरगा, आणि मागे हरभरा निघालेलं मोकळं वावर. माझी तक्रार दराबद्दल नाही. वावर रिकामं असेल तर शेतकऱ्याने ते चार दिवस गाड्या लावायला द्यावं आणि त्याचे पैसे घ्यावेत, याच मताचा मी आहे. तक्रार आहे ती पाटीवरच्या या एका वाक्याबद्दल. पैसे माझे आणि जबाबदारी तुझी, असं ते वाक्य म्हणतं.

जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. हजरत अब्दुर रहमान शाह ऊर्फ सैलानी बाबांचा दर्गा आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ आहे. होळीला तिथं नारळांची होळी पेटते, आणि मग काही दिवसांनी पिंपळगाव सराईहून संदल निघतो. मुसलमान येतात, त्याहून कमी नाही इतके हिंदू आणि बौद्ध येतात. मध्य प्रदेशच्या, तेलंगणाच्या पाट्या लावलेल्या गाड्या असतात. एरवी ज्या वाटेवर एसटी आणि ट्रॅक्टर सोडून फारसं काही नसतं, तिथं ट्रक, टेम्पो, क्रूझर, मोटारसायकली यांची रांग लागते. एवढ्या गाड्या सरकारी वाहनतळात मावणं शक्य नाही. म्हणून आजूबाजूची वावरं उघडतात. गावाच्या नावातच ‘सराई’ आहे, म्हणजे मुसाफिराने उतरायची जागा; उर्दू शिकवणाऱ्या माणसाच्या मनात हे आल्याशिवाय राहत नाही. (यात्रेला जावं की न जावं, यावर आपल्यात मतभेद आहेत ते मला माहीत आहेत. त्यात आज शिरत नाही. आलेल्या माणसाची गाडी कुठे लावायची, हा प्रश्न दोन्ही मतांच्या लोकांना सारखाच आहे.)

आता पहिला आक्षेप. आपल्यातले काही बुजुर्ग म्हणतात, जायरीनकडून जागेचे पैसे घेणं बरकत घालवणं आहे. मुसाफिराला पाणी पाजायचं, सावली द्यायची, त्याच्याकडून किराया कसला? ऐकायला हे छान वाटतं. पण बोलणाऱ्याची निवृत्तिवेतनाची सोय झालेली असते आणि वावराचा मालक कोरडवाहू सोयाबीन-कपाशीवाला असतो, ज्याचं गणित मागच्या पावसाळ्यातच चुकलेलं असतं. रबीचा हरभरा घरात आला, उन्हाळ्यात जमिनीला पाणी नाही, जूनपर्यंत वावर नुसतं तापत पडणार. त्या मधल्या दिवसांत त्याच जमिनीने दोन पैसे दिले तर त्यात कुणाचं काय गेलं? जमीन किरायाने देणं, म्हणजे इजारा, शरीअतमध्ये जायज आहे. त्यावर फिकहच्या किताबांत प्रकरणंच्या प्रकरणं आहेत.

तरीही बुजुर्गांचं बोलणं मी उडवून लावत नाही, कारण हा प्रश्न फार जुना आहे आणि तो थेट मक्केत विचारला गेलेला आहे. हजला येणाऱ्यांकडून मक्केच्या रहिवाशांनी घरभाडं घ्यावं का? सूरह हजच्या २५ व्या आयतीत मस्जिद-ए-हराम तिथं राहणाऱ्याला आणि बाहेरून येणाऱ्याला सारखीच आहे, असं आलं आहे. त्यावरून काहींनी म्हटलं की संपूर्ण मक्काच सगळ्यांची, तिथलं घर भाड्याने देता येणार नाही. हजरत उमर (रजि.) यांनी हजच्या दिवसांत मक्केच्या लोकांना घरांना दरवाजे लावू देऊ नयेत असं ठरवलं होतं, येणाऱ्याला वाटेल तिथं उतरता यावं म्हणून, अशी रिवायत सांगितली जाते. इमाम अबू हनीफा यांना हजच्या दिवसांतलं हे भाडं पसंत नव्हतं. इमाम शाफई यांनी ते जायज मानलं, आणि त्यांच्या बाजूच्या दलीलमध्येही हजरत उमरच येतात: त्यांच्याच कारकिर्दीत त्यांच्या अधिकाऱ्याने मक्केत सफवान बिन उमय्या यांच्याकडून एक घर कैदखान्यासाठी विकत घेतलं होतं. घर विकत घेता येत असेल तर ते कुणाच्या तरी मालकीचं आहे, आणि मालकीचं असेल तर भाड्यानेही देता येईल.

मक्का ती मक्का. तिचा नियम पिंपळगावच्या वावराला लावायला कुणी सांगितलेलं नाही. मला त्या चर्चेतून एवढंच घ्यायचं आहे की मोठमोठ्या इमामांनाही प्रश्न पैशाचा वाटला नव्हता. त्यांना काळजी होती ती परक्या गावी आलेल्या, अडलेल्या माणसाची.

सैलानीला अडलेला माणूस कोण असतो ते जाऊन बघा. तिथं मनाने आजारी असलेली माणसं घेऊन घरचे येतात. मागच्या सीटवर दोघांनी धरून बसवलेला भाऊ असतो, ओरडणारी मुलगी असते. (अशा आजाऱ्याला आधी डॉक्टरकडे न्यावं, हे माझं ठाम मत आहे, पण तो वेगळा लेख आहे.) ज्याच्या गाडीत असा माणूस आहे तो भाव करत नाही. तो म्हणतो, किती घ्यायचे ते घे, पण गाडी आत घेऊ दे. सकाळी शंभर रुपये असलेला दर संध्याकाळी संदलच्या गर्दीत दोनशे करायचा मोह नेमका इथं होतो. इजाऱ्याची पहिली अट काय? जागा कोणती, मुदत किती, किराया किती, हे दोघांना आधीपासून माहीत असावं. म्हणजे दर पाटीवर असावा, तो दिवसाचा की रात्रीसकटचा हे लिहिलेलं असावं, आणि तो गर्दी बघून बदलू नये. यात्रेच्या दिवसांत दर एरवीपेक्षा जास्त ठेवला तर माझी हरकत नाही. समोरच्याचा चेहरा बघून ठरवलेल्या दराला आहे.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. आमची काळी जमीन. कोरडी असते तोवर तिच्यावर ट्रकसुद्धा चालतो. पण होळीच्या सुमारास अवकाळी पाऊस कधी येईल सांगता येत नाही, आणि एक सर पडली की तीच जमीन चाकाला धरून ठेवते. मग धुऱ्यावर ट्रॅक्टर उभा राहतो आणि गाडी ओढून काढायचे वेगळे पैसे सांगितले जातात. ज्याने ‘इथं लाव’ म्हणून हात केला, त्यानेच ‘इथून काढायचे इतके’ म्हणावं, हे मला पटत नाही. जागा दिली म्हणजे आत यायची आणि बाहेर जायची वाट दिली. मधली वाट मुरूम टाकून केली तर अर्धी भानगड मिटते. तीच गोष्ट आगीची. वावरात धसकटं वाळलेली असतात, धुऱ्याला पऱ्हाट्यांचा ढीग असतो, यात्रेकरू गाडीच्या सावलीतच तीन दगडांची चूल मांडतात आणि शेजारच्या गाडीत डिझेल भरलेलं असतं. चुलींची जागा वेगळी ठेवायला पैसे लागत नाहीत, फक्त उभं राहून सांगावं लागतं.

शेतकऱ्याचं नुकसानही मोजलं पाहिजे. गाड्या गेल्यावर वावरात काचा, खिळे, प्लास्टिक, बाटल्यांची बुचं राहतात. चाकांनी जमीन दबते, नांगरट महाग पडते. म्हणून किराया घेताना कुणी लाजू नये. ज्यांना वाटतं की जमिनीच्या मालकाला हा पैसा फुकट मिळतो, त्यांनी जूनमध्ये त्याच वावरात अनवाणी चालून बघावं.

गावाकडून शहराकडे येऊ. सैलानीची गर्दी वर्षातून काही दिवस; सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीची गर्दी; पण शेगावला गुरुवार दर आठवड्याला येतो, आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव या रेल्वेच्या गावांत तर रोजच सकाळी अप-डाऊन करणारे लोक मोटारसायकल कुणाच्या तरी अंगणात लावून गाडी पकडतात. त्यात माझ्या पेशाचे खूप. अशा अंगणाची मालकीण कितीदा तरी एकटी बाई असते. नवरा नाही, पोरं लहान किंवा परगावी, शिवणकाम डोळ्यांना झेपत नाही. घरासमोर मात्र भिंतीच्या आत पंधरा मोटारसायकली मावतील एवढी जागा. हिला घराबाहेर पडावं लागत नाही, कुणापुढे हात पसरावा लागत नाही, आणि महिन्याला ठरलेले पैसे येतात. आपण मोहल्ल्यात बेवांसाठी मदतीची यादी करतो, रमजानमध्ये किट वाटतो. करावंच. पण त्या यादीत एक रकाना ‘घरासमोर जागा आहे का’ असाही असावा, असं मी आमच्या इथल्या मंडळींना सांगून बघितलं. दोघे हसले, एकाने लिहून घेतलं.

माझ्या स्वतःच्या घरासमोर सोळा बाय बाराची जागा आहे. मी गाडी घेतलेली नाही, स्कूटरला भिंतीचा कोपरा पुरतो. दोन वर्षांपासून तिथं गल्लीतल्या एका फळवाल्याचा छोटा हत्ती रात्री उभा राहतो. महिन्याला मिळणाऱ्या पैशात गॅसची टाकी येत नाही, थोडे वरून घालावे लागतात; पण त्याचा माल रात्री सुरक्षित राहतो आणि गल्लीचा रस्ता मोकळा राहतो, हा त्यातला मोठा फायदा. मी ही रक्कम आयकराच्या विवरणपत्रात इतर उत्पन्नात दाखवतो. शिक्षक मित्र हसतात. शेतकऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं: पैसा शेतजमिनीवरून आला म्हणून तो शेतीचं उत्पन्न होत नाही. गाड्या लावायचा किराया हे पीक नव्हे, आणि कायदाही त्याला पीक मानत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आपल्या नावची जागा बाहेरच्याला देण्याआधी सोसायटीचे उपविधी वाचावेत. इमारतीखालची खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितलं आहे. तेव्हा जी जागा ‘विकत घेतली’ असं आपण म्हणतो ती आपली आहे का, तेही बघावं लागतं.

आणि जी मुळीच आपली नाही ती म्हणजे रस्ता. आपल्या मोहल्ल्यांत, आणि फक्त आपल्याच नव्हे, घरासमोरच्या सार्वजनिक रस्त्यावर दगड, जुना टायर, ड्रम ठेवून जागा अडवायची पद्धत आहे. पुढची पायरी म्हणजे ती अडवलेली जागा दुकानदाराच्या गिऱ्हाइकाला पैसे घेऊन देणं. रस्त्यातली त्रास देणारी वस्तू बाजूला करणं हा सदका आहे, असं आपण पोरांना मकतबपासून शिकवतो, आणि संध्याकाळी स्वतः ड्रम आणून ठेवतो. माझ्या मते असा किराया हलाल नाही, कारण जी जागा विकतोय ती आपल्या मालकीची नाही. ईदगाह, मस्जिद, कब्रस्तान यांच्या मोकळ्या जागेचं तर त्याहून नाजूक. तिथं गाड्या लावून पैसा आला तर तो वक्फचा आहे. वक्फ करणाऱ्याचा हेतू, समितीचा लेखी ठराव आणि पै-पैचा हिशेब हे तिन्ही नसतील तर त्या वाटेला जाऊ नये. मी चांगल्या माणसांना यात बदनाम होताना बघितलं आहे.

मोहल्ल्यात मय्यत झाली, शेजाऱ्याच्या मुलीचा निकाह आहे, रात्री दवाखान्यात न्यायला कुणाची गाडी आली, अशा वेळी पैसे नाहीत. सूरह माऊनमध्ये रोजच्या वापराच्या किरकोळ वस्तू शेजाऱ्याला न देणाऱ्यांची निंदा आहे. तफसीर लिहिणारे ‘माऊन’चा अर्थ सांगताना भांडं, बादली, कुऱ्हाड अशी उदाहरणं देतात. त्या काळी अंगणात गाडी नव्हती, असती तर अंगणही त्या यादीत आलं असतं असं मला वाटतं.

आता पाटीवरच्या वाक्याकडे. जागा किरायाने देणं आणि वस्तू सांभाळायला घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी रोज रात्री फळवाल्याला फक्त जागा देतो. किल्ली त्याच्या खिशात, गेटची दुसरी किल्लीही त्याच्याकडे. पण यात्रेच्या वावरात पोरगा टोकन देतो, गाडी कुठे लावायची ते सांगतो, बाहेर काढताना टोकन मागतो, आणि गर्दीत गाड्या हलवायच्या म्हणून किल्लीही ठेवून घेतो. मग हा फक्त जागेचा किराया राहत नाही. ती अमानत होते, आणि तीही पैसे घेऊन ठेवलेली.

उस्मानी तुर्कांनी १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहवरून एक दिवाणी कायदा तयार केला, ‘मजल्ला’. त्याचं ७७७ वं कलम असं सांगतं की ठेवायला दिलेली वस्तू सांभाळणाऱ्याच्या चुकीशिवाय गेली तर भरपाई नाही; पण सांभाळण्याचे पैसे घेतले असतील आणि वस्तू चोरीसारख्या टाळता येण्याजोग्या कारणाने गेली, तर भरपाई द्यावी लागेल. फरक फक्त पैशाचा. फुकट सांभाळणाऱ्यावर ओझं कमी, पैसे घेणाऱ्यावर जास्त. आणि त्याच दशकात, १८७२ साली, आपल्याकडे भारतीय करार कायदा झाला. त्याचं १५१ वं कलम म्हणतं की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे.

या कायद्यापुढे पाटी टिकते का? ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात एकजण मारुती झेन घेऊन गेले आणि किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली. मध्यरात्रीनंतर परत आले तर गाडी भलत्याच कुणीतरी नेलेली. हॉटेलने पुढे केली ती चिठ्ठी, जिच्यावर गाडी मालकाच्या जबाबदारीवर आहे असं छापलं होतं. प्रकरण चालत चालत सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ नोव्हेंबर २०१९ रोजी निकाल आला: गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणातून असं छापून सुटता येणार नाही, आणि काळजी घेतली होती हे हॉटेलने सिद्ध करायचं. पंचतारांकित हॉटेलची छापील चिठ्ठी जिथं चालली नाही, तिथं खताच्या पोत्यावरची पाटी किती चालणार?

हे सगळं मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांना सांगितलं. यात्रेच्या वाटेला त्यांचं अडीच एकर आहे आणि पाटी तीच आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, शंभर रुपयांत आठ लाखांच्या गाडीची हमी मी देऊ? एक गाडी गेली तर माझं वावर जाईल.”

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला आयतं उत्तर नाही. मी त्यांना म्हटलं, मग कुणाचीही किल्ली घेऊ नका. गाड्या अशा लावा की मधलीला बाहेर काढायला दुसरी हलवावी लागणार नाही. तीस गाड्या कमी मावतील. बदल्यात दर शंभराचा सव्वाशे करा, सकाळपासून तोच ठेवा, आणि वरच्या पंचवीस रुपयांतून रात्रीची दोन माणसं ठेवा. चारही बाजूंनी तार ओढा, वाट एकच ठेवा, टोकनचा अर्धा तुकडा दाखवल्याशिवाय गाडी बाहेर जाऊ देऊ नका. गाडीतला मोबाईल, दागिना, बॅग यांची हमी घेऊ नका, तसं स्पष्ट लिहा. आणि एवढं करूनही गाडी गेली, तर निदान तुम्ही काय केलं ते सांगायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

त्यांनी तीस गाड्यांचा हिशेब जमिनीवर बोटाने मांडला, पुसला, परत मांडला. मग म्हणाले, “पावती तुम्ही लिहून द्या.”

दहावीच्या वर्गात उपयोजित लेखनाचा तास होता. पोरांना विषय दिला: शेतात गाडी लावणाऱ्या यात्रेकरूला द्यायची पावती, मराठीत आणि उर्दूत, एका तळहातावर मावेल एवढी. वर गाडीचा नंबर, येण्याची वेळ, दर, मुदत. बहुतेकांनी शेवटी सवयीने तेच लिहिलं, ‘स्वतःच्या जबाबदारीवर’. एका मुलीने लिहिलं होतं, ‘रात्री दोन माणसे पहाऱ्यावर आहेत. टोकनशिवाय गाडी सोडली जाणार नाही. टोकन हरवल्यास आरसी बुक दाखवावे. चुली विहिरीच्या बाजूला.’ ती मी विद्यार्थ्याच्या वडिलांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. चुलीचं वाक्य त्यांना सगळ्यांत आवडलं. ‘दोन माणसे’ पुढे त्यांनी पेनने एक जागा मोकळी सोडली, नावं लिहायला. त्यांच्या मते एक धाकटा भाऊ असेल, दुसरा कोण हे होळीपर्यंत ठरायचं आहे.